घटना समितीतले बंडखोर : हरलेल्या उपसूचना वाचायला हव्यात

वऱ्हाडी_वाचक | २६ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

संविधान दिन आला की डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९चं भाषण सगळीकडे फिरतं. पण फिरतात ते ठरलेले दोन-तीनच उतारे : राजकारणात समता आणि समाजात विषमता हा अंतर्विरोध, व्यक्तिपूजेबद्दलचा इशारा, फार तर सनदशीर मार्गांबद्दलचा भाग. त्याच भाषणात एक परिच्छेद असा आहे की तो कोणी पुढे पाठवत नाही, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

बाबासाहेब तिथे म्हणतात की पक्षशिस्त सगळ्यांनी कडक पाळली असती तर ही सभा होयबांचा मेळावा झाली असती. सुदैवाने सभेत काही बंडखोर होते. आणि मग ते नावं घेतात : कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, प्रा. सक्सेना, पंडित ठाकूरदास भार्गव. त्यांच्या जोडीला प्रा. के. टी. शहा आणि पंडित हृदयनाथ कुंझरू. मी त्यांच्या सूचना स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, असंही ते पुढे सांगतात. तीन वर्षं ज्यांनी त्यांना सभागृहात घाम फोडला त्यांचे हे आभार होते.

आता ही नावं पुन्हा वाचा. हरी विष्णू कामत, पंजाबराव देशमुख आणि आर. के. सिधवा हे तिघेही मध्य प्रांत-वऱ्हाडातून, म्हणजे नागपूरच्या विधानसभेने निवडून पाठवलेले सदस्य. दादा धर्माधिकारी, हे. जा. खांडेकर, काझी सय्यद करीमुद्दीन, ब्रिजलाल बियाणी हेही त्याच प्रांताचे. घटना समितीतला महाराष्ट्र म्हटलं की आपण बाबासाहेब, काकासाहेब गाडगीळ, शंकरराव देव इथवर येऊन थांबतो. नागपूरच्या या बाकांकडे आपलं लक्षच जात नाही.

कामतांचं उदाहरण घेतो. माणूस आयसीएस सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेला. राज्यात राष्ट्रपती राजवट लावण्याचं कलम (आजचं ३५६) ऑगस्ट १९४९ मध्ये चर्चेला आलं. राज्यपालाच्या अहवालावरून 'किंवा अन्यथा' राष्ट्रपतींची खात्री पटली तर, असा मजकूर होता. त्या 'अन्यथा'वर कामत तुटून पडले. हा शब्द सैतानी आहे, तो काढा, अशी त्यांची मागणी होती. ती फेटाळली गेली. ही कलमं वापरावी लागणार नाहीत, ती निव्वळ कागदावर राहतील, अशी आशा बाबासाहेबांनी ४ ऑगस्टला बोलून दाखवली. पुढे ३५६ किती वेळा आणि कशासाठी वापरलं गेलं ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय.

त्याच महिन्यात, २० ऑगस्टला, आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्गच बंद करता येईल असं कलम मंजूर झालं. कामत तिथेच म्हणाले की आजचा दिवस शरमेचा आणि दुःखाचा आहे, देव भारतीय जनतेचं रक्षण करो. १९७६ मध्ये जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना दाद नाकारली ती याच तरतुदीच्या आधारावर. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने कलम २० (आरोपीला असलेलं संरक्षण) आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) या तडाख्यातून बाहेर काढली.

पण बंडखोर नेहमी बरोबरच होते असं माझं म्हणणं नाही. पंजाबरावांनी ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वावर उपसूचना आणली. मसुद्यामुळे भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेल्या, कुठेही राहणाऱ्या हिंदू आणि शीख व्यक्तीला नागरिकत्वाचा हक्क असावा, अशी तरतूद त्यांना हवी होती. ती फेटाळली गेली, आणि माझ्या मते फेटाळली गेली तेच योग्य झालं. तरीही ती चर्चा वाचल्याशिवाय नागरिकत्वाची कलमं आज जशी आहेत तशी का आहेत हे कळत नाही. कलमाचा मजकूर आपल्याला फक्त निकाल सांगतो. काय काय समोर होतं आणि काय नाकारलं, हे हरलेल्या उपसूचनांत सापडतं.

एकूण ७,६३५ उपसूचना दाखल झाल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. तुम्हाला माहीत असलेल्या, हरलेल्या किंवा अडलेल्या उपसूचना इथे लिहा.

---

कोर्टाची_पायरी | २६ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

उत्तम धागा. काझी करीमुद्दीन यांचं नाव घेतलंत म्हणून लिहिते, कारण वकिलीत आल्यापासून मला हा माणूस पुन्हा पुन्हा भेटतो आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

डिसेंबर १९४८च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी उपसूचना मांडली की नागरिकाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती आणि जप्ती होता कामा नये. वॉरंट काढायचं तर सबळ कारण हवं आणि जागेचं, वस्तूचं वर्णन हवं. अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीच्या धर्तीवरचा हा मजकूर. बाबासाहेबांनी उभं राहून सांगितलं की मी ही उपसूचना स्वीकारतो, उपयुक्त आहे, नाहीतरी हे फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, घटनेत आलं तर पुढच्या विधिमंडळांना त्याला हात लावता येणार नाही. मसुदा समितीच्या अध्यक्षाने स्वीकारलेली उपसूचना! आवाजी मतदानात ती मंजूर झाल्यासारखी वाटली. लगेच हरकत आली, मतविभागणीची मागणी झाली, विषय पुढे ढकलला, आणि पुन्हा मताला आली तेव्हा ती पडली.

परिणाम काय झाला? १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी म्हटलं की घटनाकारांनी असा हक्क ठेवलेला नाही, तर आम्ही तो ओढूनताणून आणू शकत नाही. मग थेट २०१७. नऊ न्यायमूर्तींच्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, शर्मा निकालातला त्या विरोधातला भाग रद्द केला, आणि त्या निकालपत्रात घटना समितीतल्या या चर्चेचीही दखल आहे. एका हरलेल्या उपसूचनेचं ओझं न्यायालयाने त्रेसष्ट वर्षं वाहिलं.

कलम २१ची गोष्ट याहून मोठी आहे, ती वेगळ्या प्रतिसादात लिहिते. एवढं एका दमात होणार नाही.

---

सातपुड्याची_वाट | २६ नोव्हेंबर, सकाळी १०:३१

वाचनखूण साठवली. कोर्टाची_पायरी ताई, दुसऱ्या भागाची वाट बघतोय.

---

स्पष्ट_बोलणं | २६ नोव्हेंबर, दुपारी १२:१८

धागा चांगला आहे, पण चित्र जरा जास्तच उजळ रंगवलंय असं मला वाटतं.

ज्या भाषणात बंडखोरांचे आभार आहेत, त्याच भाषणात थोडं आधी काय आहे तेही द्या. काँग्रेस पक्षाच्या शिस्तीमुळे प्रत्येक कलमाचं आणि प्रत्येक उपसूचनेचं भवितव्य काय होणार हे मसुदा समितीला आधीच ठाऊक असायचं, त्यामुळेच घटना सभागृहातून पार नेता आली, असं बाबासाहेबांनीच सांगितलंय. वादाचे बरेचसे मुद्दे पक्षाच्या बैठकीत आधी ठरत आणि मग सभागृहात येत. तिथे कोण काय बोललं याची नोंद आपल्याकडे नाही. आपण बारा खंड वाचतो ते समोर मांडलेलं आहे. आत काय शिजलं ते त्यात नाही.

दुसरं, ही सभा प्रौढ मताधिकाराने निवडलेली नव्हती. १९४६च्या जुलैमध्ये प्रांतांच्या विधानसभांनी ती निवडली, आणि त्या विधानसभा मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्या थोड्या मतदारांनी निवडलेल्या. संस्थानांच्या जागांचं तर विचारूच नका. मौलाना हसरत मोहानी आणि दामोदर स्वरूप सेठ यांनी सभेच्या प्रातिनिधिकपणावरच बोट ठेवलं होतं. सेठ समाजवादी, मोहानी कम्युनिस्टांशी जवळीक असलेले. त्यांना बाबासाहेबांच्या बंडखोरांच्या यादीत जागा नाही. म्हणजे खरा मुळातला विरोध करणारे बाहेरच राहिले.

---

निळी_पहाट | २६ नोव्हेंबर, दुपारी १:४७

@स्पष्ट_बोलणं : पक्षाच्या बैठकांबद्दल सहमत. पण मला या धाग्यात वेगळीच काळजी वाटतेय, ती स्पष्ट लिहिते. "बंडखोरांनी खरी घटना केली, आंबेडकर तर नुसते मसुदा वाचून दाखवत होते" या वळणावर अशा चर्चा नेहमी जातात. इथे कोणी तसं लिहिलेलं नाही, पण तिकडे जाऊ नये म्हणून काही गोष्टी नोंदवते.

बाबासाहेब सभेत मुळात आले बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पाठबळावर. फाळणीत ती जागा गेली. ३० जून १९४७ रोजी राजेंद्रप्रसादांनी बाळासाहेब खेरांना पत्र लिहून कळवलं की डॉ. आंबेडकर सभेत हवेत, मुंबईतून त्यांना निवडून पाठवा. बॅ. जयकरांनी सोडलेल्या जागेवर ते आले. ज्या काँग्रेसशी आयुष्यभर भांडले तिच्याच मतांवर सभेत बसलेला हा माणूस. त्याच्या पाठीशी स्वतःचा पक्ष नव्हता. मार्च १९४७ मध्ये त्यांनी 'संस्थाने आणि अल्पसंख्याक' या निवेदनात राज्य समाजवाद, शेतीचं राष्ट्रीयीकरण, वेगळे मतदारसंघ मागितले होते. त्यातलं किती घटनेत आलं? म्हणजे हरलेल्या प्रस्तावांच्या यादीत बाबासाहेबांचं स्वतःचं नावही लिहायला हवं. आपण हरलेल्या जागेवर उभं राहून दुसऱ्यांनी ठरवलेल्या मजकुराचं समर्थन करायचं, तेही इतक्या ताकदीने, हे मला कुठल्याही बंडाहून अवघड वाटतं.

५ नोव्हेंबर १९४८ला टी. टी. कृष्णम्माचारींनी सभागृहात जे सांगितलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तपशिलात जात नाही. सात जणांची समिती, आणि कोणी राजीनामा दिला, कोणी वारलं, कोणी परदेशी, कोणी आजारी. भार एकट्यावर पडला.

आणि नागपूरच्या बाकांवरचे खांडेकर. हेमचंद्र जागोबाजी खांडेकर, दलित समाजातून आलेले. गुन्हेगार जमाती म्हणून शिक्का मारलेल्या लोकांचा प्रश्न त्यांनी सभेत लावून धरला. ज्यांना पोलिसांकडे हजेरी दिल्याशिवाय गाव सोडता येत नाही, त्यांना संचारस्वातंत्र्याचं कलम काय देणार? सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणाआड राहिलेल्या पिढ्यांसाठी हा प्रश्न पुस्तकी नव्हता. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. आणि शेवटच्या वाचनाच्या वेळी खांडेकरांनी म्हटलं की मनूच्या कायद्याच्या जागी आता महाराचा कायदा आला आहे. हे वाक्य सभागृहात उभं राहून म्हणायला १९४९ मध्ये काय छाती लागली असेल!

---

नदीपल्याड | २६ नोव्हेंबर, दुपारी ३:०२

@निळी_पहाट, उत्तम प्रतिसाद. बाबासाहेब हरले याचं आणखी एक उदाहरण गावाचं. ४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा मांडताना ते खेड्यांबद्दल फार कठोर बोलले. संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाचं घर, जातीयतेचा अड्डा, अशा अर्थाचं. गांधीवादी सदस्य खवळले, पुढचे दिवस भाषणामागून भाषणं झाली. २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींचं कलम आणलं आणि बाबासाहेबांनी ते लांबलचक भाषण न करता स्वीकारलं. तेच आजचं कलम ४०. आमच्या तालुक्यात ग्रामसभेत दलित बाईला ध्वज फडकवू दिला जात नाही अशा बातम्या येतात, तेव्हा मला त्यांचं ४ नोव्हेंबरचं भाषण आठवतं, आणि ७३वी घटनादुरुस्ती व राखीव सरपंचपदं आठवली की संथानमही आठवतात. दोन्ही बाजू घटनेत शिल्लक आहेत.

---

कोर्टाची_पायरी | २६ नोव्हेंबर, सायंकाळी ६:२०

सांगितल्याप्रमाणे कलम २१.

मूलभूत हक्कांच्या उपसमितीच्या मूळ मजकुरात 'ड्यू प्रोसेस' होतं, म्हणजे कोणाचं स्वातंत्र्य हिरावताना कायदा नुसता असून भागणार नाही, तो न्याय्य आहे का हेही न्यायालय तपासेल. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला गेले, तिथे न्यायमूर्ती फ्रँकफर्टरांना भेटले, आणि हे टाळा असा सल्ला घेऊन आले. अमेरिकेत याच शब्दांच्या आधारे न्यायालयांनी कामगारहिताचे कायदे पाडले होते. आपल्याकडे जमीन सुधारणा व्हायच्या होत्या, त्यामुळे भीती अगदीच निराधार नव्हती. मसुदा समितीने मजकूर बदलला : कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीनुसार.

६ डिसेंबर १९४८ला चर्चा झाली. करीमुद्दीन यांच्यासह काही सदस्यांनी जुने शब्द परत मागितले. मुन्शी तर मसुदा समितीचे सदस्य असूनही त्या बाजूने बोलले, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर विरुद्ध. १३ तारखेला बाबासाहेबांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर मला वाटतं घटना समितीतलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे. पक्षाच्या माणसांनी भरलेलं विधिमंडळ लोकांचे हक्क तुडवू शकतं, हे त्यांना मान्य. सर्वोच्च न्यायालयातले पाच-सहा गृहस्थ आपापल्या समजुतीप्रमाणे कोणता कायदा चांगला ते ठरवतील, हेही त्यांना पटत नाही. दोन्हीकडे धोका आहे, निर्णय सभागृहाने घ्यावा, असं म्हणून ते बसले. उपसूचना पडल्या.

पण तो विषय त्यांनी सोडला नाही. १५ सप्टेंबर १९४९ला ते नवं कलम घेऊन आले (आजचं २२). कलम २१च्या मसुद्याएवढी तीव्र टीका बाहेर दुसऱ्या कुठल्याही कलमावर झाली नाही, आणि तेव्हा जे केलं त्याची ही भरपाई आहे, असं त्यांनी सांगितलं. अटकेची कारणं कळवणं, वकील, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं, हे त्यातून आलं. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धताही आली. भार्गव, बक्षी टेकचंद चिडले. महावीर त्यागी म्हणाले की मसुदा समितीच्या सदस्यांना तुरुंगाचा अनुभव असता तर बरं झालं असतं. बाबासाहेबांनी उत्तर दिलं, यापुढे तो अनुभव घ्यायचा प्रयत्न करीन.

पुढे १९५०च्या गोपालन खटल्यात न्यायालयाने मजकूर अक्षरशः वाचला, म्हणजे कायद्यात कार्यपद्धती असली की पुरे. १९७८च्या मनेका गांधी निकालात कार्यपद्धती न्याय्य, वाजवी हवी असं म्हटलं. सभागृहात हरलेलं तीस वर्षांनी न्यायालयातून परत आलं.

---

वऱ्हाडी_वाचक | २६ नोव्हेंबर, रात्री ८:५५

सगळ्यांचे आभार. क्रमाने उत्तरं देतो.

@स्पष्ट_बोलणं : पक्षाच्या बैठकांचा मुद्दा पूर्ण मान्य. पण सगळं आधीच ठरलेलं होतं असंही नाही. राज्यपालाचं उदाहरण घ्या. जुलै १९४७ मध्ये सभेने ठरवलं की राज्यपाल लोकांनी थेट निवडायचा. मे १९४९ मध्ये त्याच सभेने तो निर्णय फिरवून नेमणुकीचा केला. मधल्या काळात फाळणी झाली, संस्थानं आली, आणि निवडून आलेला राज्यपाल व निवडून आलेला मुख्यमंत्री एकमेकांना भिडतील हे ध्यानात आलं. अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचंही तसंच, आधी मान्य आणि मे १९४९ मध्ये रद्द, आणि त्या रद्द व्हाव्यात म्हणून बोलणाऱ्यांत मुस्लिम लीगमधून आलेल्या बेगम एजाज रसूल होत्या. लोक विचार बदलत होते. प्रातिनिधिकपणाबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाही. मर्यादित मतदारांनी निवडलेल्या सभेने सगळ्यांना मत दिलं, याला मात्र मी फार मोठी गोष्ट मानतो.

@निळी_पहाट : तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यात असायला हवा होता. हरलेल्यांत बाबासाहेबांचं नाव, हे फार महत्त्वाचं सांगितलंत.

---

वर्ग_आठवी_ब | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

शाळेत शिकवते. मुलांना उद्देशिका पाठ असते, पण ती मताला टाकली गेली होती हे सांगितलं की डोळे मोठे होतात. १७ ऑक्टोबर १९४९. कामतांचीच उपसूचना : उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, ईश्वर घ्यायचा तर देवीला का वगळता? आसामचे, कामाख्येच्या भूमीतले. पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं की देवावर मत देण्याच्या संकटात आम्हाला टाकू नका. कुंझरू स्वतः श्रद्धाळू असूनही विरोधात उभे राहिले, कारण श्रद्धा कोणावर लादायची नसते. राजेंद्रप्रसादांनी मागे घ्यायला सुचवलं, कामत हटले नाहीत. हात वर झाले : बाजूने ४१, विरोधात ६८.

देव मानणाऱ्यांनी भरलेल्या सभागृहात हे झालं. वर्गात मी मुलांना दोन्ही बाजूंनी भाषणं लिहायला लावते आणि मग मत घेते. निकाल दरवर्षी वेगळा लागतो, वाद मात्र नेहमी चांगला होतो.

---

तयारी_चालू | २७ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

एमपीएससीचा अभ्यास करतोय. आम्हाला ३८९ सदस्य, नंतर २९९, ११ सत्रं, १६५ दिवस, २ वर्षं ११ महिने १७ दिवस एवढंच पाठ करायला लावतात. हे सगळं पहिल्यांदाच वाचतोय. बारा खंड वाचणं आत्ता शक्य नाही. कुठून सुरुवात करू?

---

वऱ्हाडी_वाचक | २७ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

@तयारी_चालू : खंडांच्या क्रमाने जाऊ नका, कंटाळून सोडाल. आधी १७ डिसेंबर १९४६. उद्दिष्टांच्या ठरावावर बॅ. जयकरांनी उपसूचना मांडली होती की मुस्लिम लीग आणि संस्थानं येईपर्यंत थांबा. सभागृह त्यांच्यावर नाराज. त्या वातावरणात डॉ. आंबेडकरांना अनपेक्षितपणे बोलायला बोलावलं गेलं आणि ते जयकरांच्या बाजूने बोलले, पण असे की विरोधकही ऐकत राहिले. मग १९ डिसेंबर, जयपालसिंह मुंडा, आदिवासींच्या वतीने. त्यानंतर १३ डिसेंबर १९४८ आणि १५ सप्टेंबर १९४९, म्हणजे वर ताईंनी सांगितलेलं कलम २१. एवढं वाचलंत की पुढचं तुम्हीच शोधाल. परीक्षेलाही उपयोग होईल, मुलाखतीत तर नक्कीच.

---

स्पष्ट_बोलणं | २७ नोव्हेंबर, सकाळी ११:३३

राज्यपालाचं उदाहरण पटलं. पक्षाच्या बैठकांबद्दलचं मत कायम.

एक भर घालतो, जिंकूनही हरलेल्या उपसूचनेची. मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांत 'राजद्रोह' होता. १ डिसेंबर १९४८ला मुन्शींनी तो काढण्याची उपसूचना आणली. सरकारवर टीका हा लोकशाहीचा प्राण आहे, हा त्यांचा युक्तिवाद. दुसऱ्या दिवशी सेठ गोविंददासांनी टिळकांची आठवण काढली. उपसूचना मंजूर झाली आणि शब्द घटनेतून गेला. पण ज्या कलमाखाली टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये शिक्षा झाली ते १२४अ दंड संहितेत तसंच राहिलं. १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने निर्बंधांचं क्षेत्र वाढवलं, १९६२च्या केदारनाथ निकालाने १२४अ अर्थ आवळून टिकवलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली ती मे २०२२ मध्ये. नव्या न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, पण देशाची एकता-अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांबद्दलचं कलम १५२ आहे. ते आणि मुन्शींचं भाषण शेजारी ठेवून वाचा.

---

कोर्टाची_पायरी | २७ नोव्हेंबर, दुपारी १:०५

@स्पष्ट_बोलणं, १५२ वर स्वतंत्र धागा काढा, मी लिहीन. इथे मला के. टी. शहांबद्दल कोणीतरी लिहायला हवंय. मंत्र्यांनी मालमत्ता जाहीर करावी, न्यायपालिका आणि कार्यपालिका पूर्ण वेगळ्या असाव्यात, अशा त्यांच्या कितीतरी उपसूचना पडल्या. सलग हरत राहूनही ते दुसऱ्या दिवशी तितक्याच तयारीने उभे राहायचे. त्यांची भाषणं वाचलेलं कोणी आहे का इथे?